पूर्वेकडची चूल

थ्री एल्म्सच्या पार्कात सकाळ कधी एकदम उजाडत नाही. आधी खाडीच्या पाण्यावर, अगदी दूर, पाटीवर ओल्या बोटाने ओढावी तशी एक फिकट रेघ उमटते. ती बराच वेळ तशीच राहते. वाटते, आज एवढ्यावरच भागवायचे ठरले आहे. मग तिच्यातून थोडा उजेड सुटतो आणि पाण्यावरून, कसलीही घाई न करता, काठाकडे येऊ लागतो. वाटेत एखादा सीगल उडत असला तर त्याच्या पोटाखालची पिसे क्षणभर लिंबाच्या सालीसारखी पिवळी होतात. काठावर आला की तो आधी झोपाळ्यांच्या साखळ्यांना लागतो, मग घसरगुंडीच्या पत्र्यावर चढतो, मग दोन्ही छपऱ्यांच्या वळचणीखाली शिरून लाकडी टेबलांवरच्या दवाचा एकेक थेंब न्याहाळतो. कुत्री मोकळी सोडू नका असे बजावणारी काउंटीची पाटी, कचऱ्याची हिरवी पिंपे, गाड्या लावायच्या जागेतल्या पांढऱ्या रेघा, यांपैकी कशालाही तो वगळत नाही. ज्या तीन एल्म वृक्षांवरून पार्काला नाव पडले, ते रोगाने केव्हाच गेले. तरी त्यांच्या जागी पोहोचला की उजेड अजूनही किंचित थबकतो, असे एमेट डान्टिनला लहानपणापासून वाटत आले होते. हे त्याने कधी कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारख्या बहुतेक गोष्टी तो कुणाला सांगत नसे.

सगळ्यात शेवटी उजेड येई तो दगडी चुलींपाशी. दोन छपऱ्यांच्या मधोमध त्या दोन चुली होत्या, आणि त्यांतली पूर्वेकडची चूल आधी उजळे. एमेट दरवर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी तो क्षण पाहायला उभा असे. आज मात्र तिथवर आलेल्या उजेडात धूर मिसळलेला होता.

पूर्वेकडच्या चुलीवर कुणाचा तरी बिडाचा हंडा चढलेला होता, आणि एक मुलगी गुडघ्यांवर बसून, गाल फुगवून, जाळ फुंकत होती.

एमेट गाडीतून उतरला. चार पावले पुढे गेला, थांबला, दोन पावले मागे आला.

"माफ करा... ही चूल... म्हणजे तुम्ही..."

"तुम्ही?" मान न वळवताच ती म्हणाली. "माझी बुशा यायचीय अजून. ते 'तुम्ही' तिच्यासाठी राखून ठेव. आजी आहे ती माझी, आवडेल तिला."

"ही चूल आमची आहे."

आता ती वळली. नाकाच्या शेंड्यावर काजळी, कपाळावर घामाने चिकटलेली एक बट, आणि डोळ्यांत, धुराने आलेल्या पाण्यातूनही, भांडणाची चक्क हौस.

"कुठं लिहिलंय?"

या प्रश्नाची एमेट जणू जन्मभर वाट पाहत होता. तो खाली बसला आणि त्याने चुलीच्या आतल्या बाजूच्या, काळ्या पडलेल्या एका दगडाकडे बोट दाखवले. तिथे दोन अक्षरे खोदलेली होती.

"ज्यूल डान्टिन. माझे पणजोबा. काउंटीनं हे पार्क बांधायला काढलं तेव्हा या चुली त्यांनी रचल्या. ही पहिली."

तिने हसण्यावारी नेले असते तर त्याला सोपे गेले असते. पण ती वाकली. तिने त्या अक्षरांवरून, आणि मग दगडांच्या सांध्यावरून, सावकाश बोट फिरवले.

"सांधा अजून हललेला नाही," ती हळूच म्हणाली. "हाताला कसब होतं हं माणसाच्या." मग सरळ उभी राहिली. "पण पार्क काउंटीचं, दगड काउंटीचा, आणि राख माझी. मी आधी आले."

"आम्ही दरवर्षी याच रविवारी—"

"आणि आम्ही दरवर्षी शनिवारी. यंदा छपरी रविवारची मिळाली, करणार काय? ती दुसरी चूलही तुझ्या पणजोबांनीच रचलीय ना? की ती रचताना ते रुसले होते?"

यावर एमेटला पुढे आठवडाभर एकाहून एक उत्तरे सुचणार होती. त्या क्षणी मात्र तो एवढेच म्हणाला, "तिला वारा लागतो."

"मग जरा लक्ष ठेव. हंड्यावर," ती म्हणाली, आणि पुन्हा फुंकायला बसली.

एमेट गाडीकडे परतला. बुयाचा, म्हणजे दिवसभर शिजणाऱ्या दाट रश्श्याचा, हंडा उतरवायला येणारा चुलतभाऊ आला नव्हता. बिडाचा तो प्रचंड हंडा एकट्याने हलणारा नव्हता. तरी त्याने त्याला हात घातला, कारण ती पाहत होती. हंडा जागचा हलला नाही.

"एकटाच आलास?"

"भाऊ येणार होता."

"झोपलाय?"

"...बहुतेक."

"माझा मामाही. हंडा उतरवून दिला आणि गाडीत जाऊन घोरतोय. चल, धर तो कान."

"जड आहे हं."

"मी पलीकडच्या गोदीत जहाजांचे पत्रे जोडते रे बाबा. तू तुझी पाठ सांभाळ."

हंडा पश्चिमेकडच्या चुलीवर बसला. धापा टाकत दोघे समोरासमोर उभे राहिले. एवढ्या जवळून कुणाकडे पाहायची एमेटला सवय नव्हती. म्हणून त्याने हंड्यात पाहिले. हंडा रिकामा होता.

"हलीना गोर्स्की," तिने हात पुढे केला.

"एमेट."

"तू काय करतोस? सकाळी सकाळी दगड वाचण्याशिवाय?"

"चीजच्या कारखान्यात आहे. वासावरून सांगतो, चीज तयार झालं की नाही ते."

"म्हणजे नाकाची नोकरी!" ती खुदकन हसली. "मग सांग बरं, माझ्या हंड्यात काय पडणार आहे?"

तिच्या टोपलीकडे न पाहता त्याने वास घेतला. कांदे, कोबी, कोंबडीची हाडे, आणि—

"शेपू?" त्याला खरोखरच धक्का बसला. "बुयात शेपू?"

"गोर्स्कींच्या बुयात. तुमच्या?"

"लीकची पात. आणि शेवटी लिंबू."

"लिंबू आम्हीही घालतो. बरं झालं, एवढ्यापुरता तरी देव एकच आहे."

*

बुया शिजायला सूर्योदयापासून दुपार उतरेपर्यंतचा वेळ लागतो, आणि त्या सगळ्या वेळात हात थांबून चालत नाही. कोंबड्या आणि बीफची हाडे उकळत उकळत सुटी होतात, बटाटे विरघळतात, रस्सा दाट होत जातो. आणि जसजसा दाट होतो, तसतसा तो तळाला धरू पाहतो. म्हणून ते लांब लाकडी वल्हे. डान्टिनांचे वल्हे मेपलचे होते, हातांनी गुळगुळीत झालेले, आणि त्याच्या दांड्यावर तापल्या सळईने डागलेली तीन नावे होती: ज्यूल, क्लेटस, लेरॉय. लेरॉय हे एमेटचे वडील. ते गेल्यानंतर आजोबांनी, म्हणजे क्लेटसनी, वल्हे पुन्हा स्वतःच्या हाती घेतले होते. पण यंदा त्यांचा खांदा वर जाईना. मे महिन्यातच, जेवणाच्या टेबलावर, त्यांनी कुणाकडेही न पाहता म्हटले होते, "यंदा पोरगा ढवळेल."

त्या तीन शब्दांनी एमेटची छाती अशी भरून आली होती, की तो उठून गोठ्याकडे निघून गेला होता.

नाव डागण्याची रीत सोपी होती, म्हणूनच अवघड होती. पहिला वाडगा भरण्याआधी सगळे कुटुंब हंड्याभोवती उभे राही, आणि घरातले वडीलधारे माणूस एकच प्रश्न विचारी: "लागलं का?" ढवळणाऱ्याने सगळ्यांच्या देखत उत्तर द्यायचे. "नाही" म्हटले, की सळई निखाऱ्यांतून बाहेर येई. या पार्कात, या हंड्यापाशी, "नाही" खेरीज दुसरे उत्तर कुणी ऐकलेले नव्हते.

चर्च सुटल्यावर माणसे येऊ लागली. गाड्यांचे दरवाजे वाजले, टेबलांवर चौकडीच्या चादरी पसरल्या, पोरे कपडे उतरवत पाण्याकडे धावली. लुसील आत्या आलुबुखाराच्या टार्टांचे ट्रे एकावर एक रचून आली आणि चुलींकडे नजर जाताच जागच्या जागी थांबली.

"एमेट! आपल्या चुलीवर कोण बसलंय?"

"गोर्स्की, आत्या. ते आधी आले."

"आणि तू काय केलंस?"

"मी... नमस्कार केला."

"नमस्कार केला!" आत्याने ट्रे टेबलावर आपटले. "चूल देऊन वर नमस्कार! तुझे बाबा असते तर..." आणि तिथेच थांबून तिने हलक्या हाताने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

आजोबांनी मात्र आपली घडीची खुर्ची पश्चिमेकडच्या चुलीपासून थोडी दूर, सावलीत, मांडायला लावली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि डोळे मिटले. त्यांना आता फारसे दिसत नव्हते. कान मात्र शाबूत होते. वल्हे हंड्याच्या तळाला घासले की एक बोदा, ओला आवाज येई, *खर्र*, आणि मग पुन्हा, *खर्र*. आजोबांचा अंगठा काठीवर त्या लयीत हलत असे. तो अंगठा हलताना दिसला, की एमेटचा हात आपोआप आणखी सरळ चाले.

दोन चुलींत अंतर असे नव्हतेच. वाफा एकमेकींत मिसळत होत्या.

"ए डान्टिन, तुझा आवाज मोठा आहे हं," हलीना तिच्या वल्ह्यावर रेलून म्हणाली. "म्हणजे वल्ह्याचा. तुझा स्वतःचा अजून ऐकायचाय."

"मी बोलतो... कधी कधी."

"कधी? ख्रिसमसला?"

"कुणी ऐकणारं असलं तर."

तिचे वल्हे क्षणभर थबकले. मग ती, उगाचच जास्त जोराने, ढवळू लागली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण ती जाळाजवळ उभी होती, तेव्हा त्याचा काही अर्थ लावणे बरोबर नव्हते. एमेटने तो लावला नाही. निदान तसे स्वतःला बजावले.

तो बोलला मग. त्याचे त्यालाच नवल वाटत होते. कोवळ्या चीजला ओल्या गवताचा आणि मुरलेल्याला अक्रोडाचा वास येतो, हे त्याने सांगितले. उजेड एल्मच्या जागी थबकतो, हेही. ती हसली नाही. एल्म जिथे होते तिकडे तिने पाहिले आणि म्हणाली, "जहाज पाण्यात सोडतात ना, तेव्हा तेही असंच थबकतं. सगळे ओरडत असतात, मी गप्प असते. कारण त्याच्या पोटाला माझा सांधा असतो, आणि तो मला एकटीलाच माहीत असतो."

"भीती वाटते?"

"छे. माज येतो." आणि मग, जरा थांबून, "...थोडी भीतीही."

*

दुपारी दोन्ही छपऱ्यांतल्या बायकांमध्ये नाल फेकायचा सामना लागला. चुलीवरून पेटलेली लुसील आत्या तावातावाने पुढे झाली. पलीकडून गोर्स्कींची बुशा, गुडघ्यापर्यंत मोजे ओढून, कंबर कसून उभी राहिली. वाळूच्या चौकोनात लोखंडी खुंटीवर नाल खणखणत होते, पोरे दोन्हीकडून आरडाओरडा करत होती. शेवटी सगळे एका फेकीवर आले, आणि बुशाने हाक दिली, "हलीना! हातातलं मामाला दे आणि इकडे ये!"

हलीनाने वल्हे मामाच्या हाती दिले, बूट काढून चुलीशेजारी नीट जोडून ठेवले आणि अनवाणी वाळूत उतरली.

एमेट ढवळत होता. *खर्र. खर्र.*

तिने नाल हातात तोलला. नुसता धरला नाही, तर त्याचे म्हणणे काय आहे ते ऐकावे तसा जरा वेळ हातात ठेवला. खाडीच्या पाण्यावरून परतलेला उजेड तिच्या मागे होता; केसांच्या कडा त्यात पेटल्यासारख्या झाल्या होत्या. तिने एक पाय मागे नेला. हात झुलला. नाल सुटला, आणि हवेत वर, फार सावकाश, एकदा फिरला...

नाल खुंटीभोवती जाऊन बसला. दोन्ही छपऱ्यांतून आरोळी उठली. आणि त्या सगळ्या गोंधळात हलीनाने आपल्या माणसांकडे पाहिलेच नाही. तिने मान वळवली, थेट पश्चिमेकडच्या चुलीकडे पाहिले आणि एक भुवई किंचित वर केली.

त्यानंतर किती वेळ गेला, हे एमेटला कधीच सांगता आले नसते.

"डान्टिन." ती समोर उभी होती. श्वास फुललेला, पायांना वाळू. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "डान्टिन, तुझा हंडा लागतोय."

मग त्याला वास आला. ज्याला वासाचीच नोकरी, त्याला तो सगळ्यात शेवटी आला. त्याने घाबरून वल्हे तळाशी खुपसले, तसे तिने दोन्ही हातांनी त्याचे मनगट धरले.

"खरवडू नकोस! खरवडलंस तर सगळ्या हंड्याला करपट वास लागेल. जाळ ओढ बाहेर. ओढ आधी!"

दोघांनी जळती लाकडे ओढून काढली. ती वाकून वाफेचा वास घेत राहिली. मग तिने चमच्याने वरचा रस्सा चाखला.

"वर पोहोचलेलं नाही अजून. आता नुसतं वरवर ढवळ. तळाला वल्हं लावायचं नाही. वाढतानाही वरवरचंच वाढ. तळाशी आहे ते तळाशीच राहील."

"हे... हे चुलीमुळे झालं," एमेट म्हणाला. "इथं वारा लागतो. जाळ एकाच बाजूला जातो. मी सकाळीच म्हटलं होतं. पूर्वेकडच्या चुलीवर असं कधीच..."

तिने त्याचे मनगट सोडले.

"म्हणजे माझ्यामुळे."

"तसं नाही—"

"तसंच म्हणालास तू." तिने पायांची वाळू झटकली, बूट उचलले. "मी कुणाला सांगणार नाही. काळजी करू नकोस. तुझ्या आजोबांना काय सांगायचं ते तू बघ."

ती आपल्या हंड्याकडे गेली, आणि त्यानंतर तिने एकदाही मान वळवली नाही.

एमेट ढवळत राहिला. वल्हे रश्श्यातून बिनआवाज फिरत होते. वाराच होता, त्याने मनाशी म्हटले. लाकूडही बहुधा ओले असेल. ओले लाकूड आधी धुमसते आणि मग एकदम भडकते; कुणाच्याही बाबतीत घडले असते. ही कारणे त्याने एकामागून एक अशी व्यवस्थित रचली, की पणजोबांनाही त्यात फट सापडली नसती. मग त्याची नजर सावलीतल्या खुर्चीकडे गेली.

आजोबांचे डोळे मिटलेलेच होते. पण काठीवरचा अंगठा थांबला होता.

*

उन्हे कलली तेव्हा सगळे हंड्याभोवती जमले. आत्याने वाडगे रचून ठेवले होते. आजोबा दोघांच्या आधाराने उठले आणि मग आधार झटकून स्वतःच्या पायांवर उभे राहिले. सळई निखाऱ्यांत लाल झाली होती. मघाच्या सामन्यामुळे गोर्स्कीही, हातात स्वतःचे वाडगे घेऊन, कडेला येऊन थांबले होते. बुशाच्या मागे हलीना होती, हाताची घडी घालून.

एमेटने वल्हे उभे धरले. त्याच्या डोळ्यांसमोर वडिलांचे नाव आले, आणि त्याच्याखालची, कुणाचा तरी हात फिरून फिरून चकाकलेली, मोकळी जागा.

"पोरा," आजोबा म्हणाले. "लागलं का?"

एक शब्द. दोन अक्षरे. ते म्हटले की झाले. तळाशी आहे ते तळाशीच राहणार होते. जी सांगू शकत होती तिने न सांगण्याचा शब्द दिला होता. खाडीवरून एक बोट आवाज करत गेली. एमेटने आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. कुणी दूरवरून हाक मारली असावी आणि नीट ऐकू यावी म्हणून आपण थांबलो असावे, तसे ते उभे होते.

"लागलं," एमेट म्हणाला.

कुणीतरी श्वास ओढला. एका पोराने "काय म्हणाला?" असे विचारले, त्याला गप्प करण्यात आले.

"लागणारच!" आत्या उसळली. "आपली चूल हिसकावून बसलेत सकाळपासून! मी म्हटलंच होतं. या चुलीला वारा लागतो हे काय कुणाला ठाऊक नाही?" सगळ्या माना गोर्स्कींकडे वळल्या. बुशाने हातातला वाडगा टेबलावर ठेवला, तो भांडायला हात मोकळे हवेत म्हणून. हलीना मात्र हलली नाही. तिने फक्त हनुवटी वर केली, आणि त्या वर केलेल्या हनुवटीकडे पाहून एमेट एक पाऊल पुढे झाला.

"चुलीचा दोष नाही, आत्या."

आपला आवाज एवढा मोठा असू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

"मग कुणाचा?"

"माझा. ही चूलही पणजोबांनीच रचलीय. तिला नावं ठेवायची नाहीत. आणि यांनी मला सांगितलं म्हणून वरचं वाचलं. नाहीतर आज नुसते टार्ट खायला लागले असते."

मग पहिल्यांदा बुशा हसली, मोठ्याने, आणि वाडगा पुन्हा हातात घेतला.

आजोबांनी काठीच्या टोकाने सळई निखाऱ्यांतून बाहेर ढकलली. ती गवताच्या कडेला पडून हळूहळू काळी होत गेली.

"मग नाव नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. आत्ता वरचं वाढ."

त्याने वाढले. पहिला वाडगा आजोबांचा. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असे बोलले.

"ज्यूल नाही म्हणाला. मी नाही म्हणालो. तुझा बापही." त्यांच्या मिटत आलेल्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. "एवढ्या वर्षांत, एकदाही लागलं नाही! असा हंडा पाहिलायस कधी?"

एमेट त्यांच्याकडे बघतच राहिला. आजोबा आता पुन्हा सगळ्यांकडे वळले होते, आणि समोर दिसेल त्या धूसर आकृतीला, मग ती डान्टिन असो की गोर्स्की, वाडगा उंचावून सांगत होते, "माझा नातू आहे तो. ढवळणारा. हो, तोच. लेरॉयचा मुलगा." मे महिन्यात ज्या स्वरात ते बोलले होते, त्याहून हा स्वर कितीतरी उंच होता.

थोड्या वेळाने आत्या, कुणी पाहत नाही असे बघून, गोर्स्कींच्या हंड्यापाशी गेली. परत आली तेव्हा तिच्या हनुवटीला शेपूची काडी चिकटलेली होती.

*

माणसे पांगू लागली होती. ऊन तिरपे होऊन पुन्हा सकाळसारखे गवतावर लोळत होते, फक्त उलट्या दिशेने. एमेटने रिकामा हंडा हातपंपाशी लोळवत नेला आणि आत वाकून तळाची काळी खरवड तासायला घेतली. करपटाचा दाट, कडू वास नाकात भरला.

"सरक," मागून आवाज आला. हलीनाच्या हातात लोखंडी पट्टी होती. "असं नाही निघायचं. धातूचं काम माझं आहे."

दोघे हंड्याच्या दोन बाजूंनी आत वाकले. हंड्यात डोकी एवढी जवळ होती, की बोललेला शब्द घुमून दोघांच्याही कानांवर एकदमच येई.

"आजोबांना सांगायला नको होतंस," ती म्हणाली. "नाव गेलं तुझं."

"पुढच्या वर्षी आहे."

"आणि पुढच्या वर्षी मी परत आधी आले तर?"

"तर..." त्याने पट्टीखालून निघालेली एक काळी खपली उचलली. "तर मला आणखी आधी यावं लागेल. तू येताना दिसावीस म्हणून."

तिने तासणे थांबवले नाही, पण पट्टी आता एकाच जागी फिरत होती. तिथे तासण्यासारखे काही उरले नव्हते.

"एक सांग, डान्टिन. दुपारी म्हणालास चूल वाईट. मग सगळ्यांसमोर म्हणालास चूल चांगली. खरं काय?"

"चूल चांगली आहे."

"मग वारा?"

एमेटने मान वर काढली. खाडी आरशासारखी पडली होती, आणि आज दिवसभर ती तशीच होती. झोपाळ्यांच्या साखळ्या सकाळी होत्या तशाच सरळ लोंबत होत्या.

"वारा नव्हता," तो म्हणाला.

"लाकूड ओलं होतं का?"

"नाही... वर्षभर वाळवलेलं होतं."

"मग लागलं कसं रे?" तीही हंड्यातून बाहेर आली. नाकाच्या शेंड्यावर पुन्हा काजळी होती, अगदी सकाळच्याच जागी. तिने एक भुवई किंचित वर केली, आणि या वेळी तिला उत्तर ठाऊक होते; ते फक्त त्याच्या तोंडून ऐकायचे होते.

रचून ठेवलेली सगळी कारणे एमेटने एकदा चाचपून पाहिली. मग त्याने ती सोडून दिली.

"मी तुझ्याकडे बघत होतो," तो म्हणाला.